सोमवारच्या पेपरचं कव्हर

मोगलाई, धुळे
२८ एप्रिल १९९१, रविवार

रतिलालभाऊ,

भिकनचा नमस्कार घे. नानांच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव. कुंदावहिनीला सांग की मी जिवंत आहे, दोन वेळ जेवतो आणि परवाच केस कापलेत. ती तेवढंच विचारेल.

आधी पाकीट उलटं करून बघ. चिकटवलेल्या जागेवर मी निळ्या शाईने आडवी रेघ ओढली आहे. ती जुळत नसेल तर हे पत्र तुझ्याआधी कोणीतरी वाचलंय असं समज. आपल्या पोस्टमनवर माझा भरवसा नाही. खरं सांगायचं तर हल्ली कोणावरच नाही. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, वहिनीसमोर नको. आत कागदाची एक घट्ट पुडी आहे. ती उघडू नकोस, आतलं पडून हरवेल. तिचं शेवटी सांगतो.

फैजपूरचं काम सोडलं. तसं काम चांगलं होतं. केळीचे घड ट्रकमध्ये रचायचे, मध्ये पाला घालायचा, ट्रक दिल्लीकडे गेला की हातपाय धुऊन मोकळं. पण डाग जात नाहीत भाऊ, केळीचा चीक कपड्यावर पडला की तो कपडा मेला. माझे तिन्ही शर्ट मेले. तिथल्या पुनाभाऊंनी, ज्यांच्या बागेत मी होतो त्यांनी, अक्षय तृतीयेपर्यंत, आपल्या आखाजीपर्यंत, थांब म्हणून सांगितलं होतं. मी थांबलो नाही. का, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आणि केळीत शिरलो. माझं असंच होतं.

दिवाळीला मी घरी आलो तेव्हा पिशवीत रेकॉर्डी बघून तू हसला होतास. तुझ्या दुकानात भिंतभर नव्या पिक्चरच्या कॅसेटी, आणि मी भंगारातून तवे उचलून आणतो. तुझी गिऱ्हाइकंही हसली. एकाने विचारलं, यावर भाकरी भाजतो का रे. हसू दे. तुला खरं सांगू, मला ती गाणी का आवडतात ते मलाच नीट सांगता येत नाही. आजच्या गाण्यात सगळे जण रडून रडून प्रेम करतात. त्या जुन्या क्लबवाल्या गाण्यांना तेवढं शहाणपण नाही. एक बाई उगाच हसते, मध्येच कोणी शिट्टी घालतं, बोंगो सुरू होतात, आणि मग ट्रम्पेट असं येतं की जसं कोणी दार न वाजवता घरात शिरावं. गाणाऱ्याचं नावही लेबलवर पुसलेलं असतं. पुन्हा कोणी त्याला बोलावलंच नसेल. त्या खरखरीतून तो तीन मिनिटं जीव तोडून मजेत गातो आणि संपतो. मला ते ऐकून बरं वाटतं. फैजपूरला खोलीवर माझं सुटकेसवालं मशीन लावलं की शेजारचे म्हातारे येऊन दारात बसायचे, पण बरोबरीचा कोणी येत नव्हता.

तर दिवाळीत तू हसलास. पण मग तू विचारलंस, "कोठून आनल्या?" मी म्हटलं, फैजपूर, सावदा, असंच. मग तू विचारलंस, अजून कुठे कुठे फिरतोस. मग विचारलंस, जळगावलाही जातो का. त्या चार दिवसांत तू मला तीन वेळा जागा विचारल्यास. रेकॉर्ड कोणती, गाणं कोणतं, हे एकदाही विचारलं नाहीस. तेव्हा मला काही वाटलं नाही. बसमध्ये वाटलं.

जानेवारीत पुनाभाऊंच्या घरी पाणी प्यायला गेलो. माठावर झाकण म्हणून रेकॉर्ड होती. मधल्या भोकातून सुतळी ओवून गाठ मारलेली, धरायला सोपं. मी पाणी प्यायचं विसरलो. लेबलवर लाल ऑइलपेंटने ४१ आकडा होता, आणि पुढे "गि". आगकाडीने लिहिलेला. आपल्या नानांचा "गि", वरची वेलांटी टोपीसारखी. बाजूला चुन्याचे दोन ठिपके.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय मला ते एका जागी धरता येत नाही.

ते ठिपके हाशमचाचाचे. नानांच्या लाऊडस्पीकरवर वीस वर्षं मशीन त्यांनीच चालवलं. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी-इंग्रजी लेबलं वाचता येत नाहीत. म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन ते लेबलवर ठिपके द्यायचे. एक ठिपका हळदीला वाजवायची, दोन वरातीला, तीन नवरी निघताना. लग्नात कधी चूक झाली नाही. कव्हर फाटलं की दुकानातल्या पेपरचं नवं करायचे, कणकेच्या खळीने चिकटवून. आणि त्र्याऐंशीच्या मे महिन्यात, कजगावच्या लग्नानंतर, ती रेकॉर्डींची पेटी गेली. नानांनी हाशमचाचाला चोर म्हणून दुकानातून काढलं. ते घरदार घेऊन भडगावहून धुळ्याला आले. आठ वर्षं झाली, भडगावात पाय ठेवला नाही.

तर पुनाभाऊंना विचारलं, ही कुठून आली. त्यांनी फैजपूरच्या एका न्हाव्याकडे बोट दाखवलं. न्हाव्याला वाटलं मी पोलिसाचा माणूस आहे. दाढी करून घेतली तेव्हा कुठे बोलला, की त्याने जळगावहून चार-पाच आणल्या होत्या, मेहरूणला तलावाकडे एक बाई जुनं सामान विकते. मला त्याचाही संशय आला. इतक्या पटकन का सांगितलं? पण या महिन्यात सवड मिळाली तसा गेलो.

तिचं नाव सुगराबी. तिचा नवरा जुनी रेडिओ-मशीनं दुरुस्त करून विकायचा, तो वारला. खाटेखाली अजून एक खोकं होतं. तिने ते पायाने पुढे ढकललं. भाऊ, तो वास तुला आठवेल. खळीचा, धुळीचा, थोडा तंबाखूचा. एकोणीस रेकॉर्डी होत्या, प्रत्येकीवर नानांचा "गि". मी मशीन सोबत नेलं होतं. तिच्या ओट्यावर बसून एकेक लावली. ती आधी वैतागली, मग तिने स्वतःच एक बाजू उलटून दिली.

मग मी विचारलं, पेटी कोणी आणली होती. ती मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तू का पूछतो? तुझी चोरी झाली का?" मी म्हटलं, माझी नाही. एवढ्या वर्षांचं कसं आठवणार, असं मला वाटलं होतं. पण तिला आठवत होतं, कारण तो सौदाच वेगळा होता. एक तरुण पेटी घेऊन आला, पैसे मागितले नाहीत. तिच्या नवऱ्याने दोन कॅसेटींचं एक मशीन नीट करून ठेवलं होतं, त्याचं एक काळं बटण तुटलं म्हणून लाल बसवलेलं. ते मशीन त्याने पेटीच्या बदल्यात नेलं. जाताना फाटकापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, यातली एक मला परत द्या. शोधायला त्याला वेळ लागला नाही. "उसपे हल्दी लगी थी," सुगराबी म्हणाली. "छातीशी धरून नेली, जशी कोणाची राख नेतात."

मी तिथून उठलो आणि तलावाच्या कडेला बसलो. शेंगा घेतल्या. मुलं म्हशी धूत होती ते बघत राहिलो. एक म्हैस काही केल्या बाहेर यायला तयार नव्हती. संध्याकाळ झाली, माझी बस गेली.

नानांच्या जागेत कॅसेटींचं दुकान सुरू केलंस तेव्हाचं तुझं मशीन मी रोज पुसायचो भाऊ. डावीकडून तिसरं बटण लाल. तू सांगितलं होतंस की कापसाच्या जिनिंगवर राबून मिळवलं. नाना अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हाशमनं बठ्ठं बुडवलं, पण मन्हा रतिलालनं शून्यातून उभं करं.

आणि हळद. नानांचं रेकॉर्डचं मशीन पहिल्यांदा घरी आलं तेव्हा आईने त्याची पूजा केली. मशीनला, भोंग्याला कुंकू लावलं, आणि एक नंबरच्या रेकॉर्डवर हळदीचं बोट उमटवलं. ते बोट पुसू नये म्हणून नाना ती रेकॉर्ड कोणाला हाताळू देत नसत. आई गेल्यावर तर नाहीच. जगात ती एक परत मागून घेणारी नानांखेरीज दोनच माणसं आहेत, आणि मी मागितली नाही.

आता तू म्हणशील, एका म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यावर भावावर आळ घेतोस. म्हणशील, हाशमनेच पेटी रस्त्यात कोणाला दिली असेल, त्याने पुढे जळगावला नेली असेल. मीही तसं म्हणून बघितलं. तुझ्या बाजूने मी तुझ्यापेक्षा जास्त वकिली केली आहे. पण त्या एकोणीसपैकी एका रेकॉर्डचं कव्हर जळगावच्या पेपरचं आहे, सोमवार, ९ मे १९८३. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "गिरधर" लिहिलंय, आपला पेपरवाला चिंधाभाऊ लिहायचा तसं. कजगावचं लग्न रविवारी झालं. सोमवारचा पेपर सकाळच्या बसने भडगावला आला, आपल्या दुकानात पडला, आणि त्याचं कव्हर होऊन रेकॉर्ड त्यात गेली. म्हणजे पेटी सोमवारी सकाळी दुकानात होती. हाशमचाचा तेच सांगत होते. लग्नावरून आलो, पेटी ठेवली, फाटलेली कव्हरं बदलली, मग घरी झोपायला गेलो. पण त्यांना पेपरवरची तारीख वाचता येत नव्हती. आपला पुरावा आपणच करून पेटीत ठेवला, हे त्यांना कधी कळलंच नाही. आणि ज्याने पेटी विकली त्यानेही कव्हर उघडून बघितलं नाही.

ते कव्हर सुगराबीकडून विकत घेतलं आणि मी धुळ्याला आलो. आज पाचवा दिवस. हाशमचाचाच्या ओट्यावर बसूनच हे लिहितोय. ते पॉवरलूमवर जातात. मागाच्या खडखडाटाने कान गेलेत, अगदी जवळून ओरडलं तर कळतं. ज्या माणसाला सुई टेकायच्या आधी गाणं कळायचं, त्याला आता घरात कोणी हाक मारत नाही, खांद्याला हात लावतात.

मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांच्या चांदने ओळखलं. लहानपणी गिरणेत आम्ही एकत्र पोहलो, आता त्याला दाढी आहे. तो आत जाऊन चाचाच्या कानाशी ओरडला, "अब्बा, साक्षीदार आला." त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही, पण चहा ठेवला.

मी मशीन काढलं, पुनाभाऊंकडून मागून आणलेली दोन ठिपक्यांची ती रेकॉर्ड लावली. चाचाने पंजा जाळीवर ठेवला, डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, आता ट्रम्पेट. आणि खरंच ट्रम्पेट आलं. मग मी कव्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. ते कोपरा दोनदा आत मुडपतात, तसा मुडपलेला होता.

"हाऊ कागद मन्हाच शे," ते म्हणाले. "तारीख तू वाच."

मी वाचली. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडून वाचली, तेव्हा गल्लीतली दोन-तीन माणसं थांबली. चांद चहाची गाळणी हातात घेऊन उभाच राहिला. मग तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"आठ वर्षं अब्बा हेच सांगत होते. कागद आज बोलला. तू तर तेव्हाच बोलू शकत होतास."

भाऊ, इथपर्यंत मी तुझंच लिहिलं. आता माझं लिहितो. हे पान मी दोनदा फाडलंय.

मला त्या कव्हरची गरज नव्हती. मी पेटी पाहिली होती.

त्या सोमवारी दहा वाजता मी दुकानात गेलो. बारापर्यंत बसायचं काम माझं होतं. चाचा कव्हरं चिकटवत होते. मी स्टुलावर बसलो आणि पेटीवर पाय ठेवले. ते म्हणाले, "पाय काढ रे, रोटी शे ती आपली." मी काढले. ते झोपायला गेले. आणि मग नदीतल्या खरबुजांच्या वाडीवर डांगरं निघाली म्हणून पोरं बोलवायला आली, मी दुकान तसंच टाकून गिरणेत गेलो. फक्त अर्ध्या तासासाठी. पोट फुटेपर्यंत डांगर खाल्लं, परत आलो तेव्हा पेटी नव्हती.

संध्याकाळी नानांनी चाचाला बोलावलं. "हाशम, पेटी कोठे शे?" चाचा म्हणाले, भिकनले विचारा, त्यानं तर पेटीवर पाय ठेवलता. नाना माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात पट्टा होता. मी दुकान उघडं टाकून गेलो हे कळलं असतं तर तो पट्टा माझ्यावर पडला असता. मी म्हटलं, चाचा आले तेव्हा मी इथेच होतो. त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर काहीच नही व्हतं.

एवढंच बोललो. चौदा वर्षांचा होतो, असं मी स्वतःला सांगतो, पण चौदाव्या वर्षी माणसाला कॅरियर भरलेलं की रिकामं एवढं कळतं. चाचाने माझ्याकडे बघितलं. खिशातली चुन्याची डबी काढून गल्ल्यावर ठेवली आणि गेले.

आणि तू नानांच्या मागे उभा होतास. मी नदीवर होतो हे त्या दुकानात माझ्याशिवाय एकालाच माहीत होतं, ज्याला दुकान रिकामं सापडलं त्याला. तू माझ्याकडे बघितलंस आणि नानांसाठी चहा सांगितलास. त्या गुरुवारी मला पाचोऱ्याला पिक्चरला नेलंस, वर भेळ दिलीस. इतकी वर्षं मला वाटत होतं, भाऊला माझी चोरी कळली तरी त्याने मला सांभाळून घेतलं. त्याच उपकाराखाली मी तुझ्या नजरेला नजर दिली नाही. घरात टिकलो नाही, गावोगाव फिरलो. आता कळतंय, आपण दोघे एकमेकांचं झाकण होतो. माठावर ठेवलं होतं ना, तसं.

आणखी एक शंका आहे, ती लिहू की नको असं झालंय. नानांनी पोलिसात का दिलं नाही? चोर सापडला, साक्षीदार घरातला, मग चौकी तर समोरच होती. तेव्हा म्हणाले, जुना माणूस आहे, जाऊ दे. तेव्हाच त्यांना तुझा संशय आला नसेल का, आणि पुढे ते मशीन पाहून खात्री पटली नसेल का? तुला काही माहीत असेल तर मला सांगू नकोस. मी आता एवढा संशयी झालोय की परवा चाचाने माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली तर मी विचार करत बसलो, का वाढली असेल.

मी त्यांना सगळं सांगितलं, ओरडून. खोटं मी हळू आवाजात बोललो होतो, खरं मात्र गल्लीला ऐकू जाईल असं बोलावं लागलं. तुझं नावही सांगितलं, लपवून ठेवलं नाही. चाचाने ते कव्हर माझ्या हातात परत दिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हे नानाले कोन सांगी?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र. त्यांना पेटी नको, नोकरी नको. कानच नाहीत तर मशीन काय चालवणार. त्यांना एकदा भडगावच्या स्टँडवर उतरून आपल्या दुकानापर्यंत चालत यायचंय, आणि नानांनी त्यांना नावाने हाक मारायला हवी आहे. नानांचं वय झालंय, चाचाचंही. हे पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

आखाजीला आम्ही येतोय. पारोळ्यावरून येणारी अकराची बस. मी, चाचा, आणि चांद पण येतो म्हणतोय. त्याला अजून माझा भरवसा नाही, मी मध्येच कुठेतरी उतरून जाईन असं त्याला वाटतं. त्याचं चुकत नाही.

आता पुडी उघड. हातावर नको, पांढऱ्या कागदावर. आत सुई आहे, नवी, नानांच्या जुन्या मशीनला बसणारी. मशीन माळ्यावर आहे, भोंगाही तिथेच पोत्यात आहे. आणि एक नंबरची रेकॉर्ड तुझ्याकडे आहे. कुठे ठेवलीस ते मला माहीत नाही, पण टाकली नसशील. त्या एका गोष्टीवर माझा अजून विश्वास आहे. ती तू परत मागून घेतलीस म्हणूनच मी हे पत्र नानांना न लिहिता तुला लिहितोय.

बसमधून उतरलो की मी स्टँडवर थांबेन. दुकान तिथून लांब नाही, भोंग्याचा आवाज पोचतो. आईच्या हळदीची ती रेकॉर्ड वाजत असेल तर तू नानांना सांगितलंस असं मी समजेन. चाचाला ऐकू येणार नाही, मी त्यांच्या खांद्याला हात लावून सांगेन. वाजत नसेल तर मी दुकानात येऊन सांगेन. आधी माझं, मग तुझं, आणि तेवढ्याच मोठ्याने, कारण चाचा शेजारी उभे असतील आणि त्यांनाही ऐकू गेलं पाहिजे.

वहिनीला म्हणावं, त्या दिवशी तीन ताटं जास्तीची.

तुझा धाकटा,
पेटीवर पाय ठेवून बसलेला
भिकन